चालता-चालता थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक आहे. खोलीत बसून सेशन घेते आणि ज्यांना मानवतं त्यांच्यासोबत बाहेर चालतानाही घेते. बाहेरच्या सेशनबद्दल पहिल्या फोनवर लोक जे विचारतात आणि जे विचारायला संकोचतात, ते दोन्ही इथे एकत्र केलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खोलीच्या चार भिंती बरीच कामं गुपचूप उरकत असतात. आवाज आत ठेवतात, कोण आत येणार हे ठरवतात, वेळ संपली की दार उघडून देतात. बाहेर पडलं की ही सगळी कामं दोघांनी बोलून वाटून घ्यावी लागतात. खालचे बरेचसे प्रश्न फिरून-फिरून तिथेच येतात.

म्हणजे नेमकं काय? मैत्रिणीबरोबर फेरफटका मारण्यासारखंच ना?

दिसायला तसंच, आणि तसं दिसतं हा त्याचा एक फायदाही आहे. पण इथे वेळ ठरलेली असते, बहुधा ५० मिनिटं. कशावर काम करायचं हे ठरलेलं असतं, आणि बोलण्याचा रोख सतत तुमच्याकडे असतो. मैत्रीण तुमचं ऐकून घेते आणि मग स्वतःच्या बॉसचं गाऱ्हाणं सुरू करते. थेरपिस्टने तसं केलं तर थेरपिस्ट बदला.

उपचाराची पद्धत मात्र खोलीतलीच राहते. कुणी सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची पद्धत, वापरतं, कुणी नात्यांच्या जुन्या गुंत्यात उतरतं, कुणी शोकावर काम करतं. फक्त हे सगळं खुर्चीत न बसता चालताना होतं. डोंगरात मुक्काम ठोकून, दोर-बीर बांधून केली जाणारी साहसी थेरपी निराळी. तिचा या पानाशी संबंध नाही.

हे नवीनच फॅड आलंय का?

फॅड म्हणावं तर फ्रॉइडपासूनचं आहे. मनोविश्लेषणाचा जनक, ज्याचं नाव घेतलं की रुग्णाला आडवं करायचा सोफा आठवतो, तो फ्रॉइड १९०९ मध्ये आपला तरुण सहकारी माक्स आयटिंगॉन याला आठवड्यातून दोनदा जेवणानंतर व्हिएन्नाच्या रस्त्यांवर फिरायला नेत असे आणि चालता-चालता त्याच्या स्वप्नांचं विश्लेषण करत असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, संगीतकार गुस्टाव मालर वैवाहिक आयुष्यातल्या पेचाने हैराण होऊन फ्रॉइडला भेटायला हॉलंडमधल्या लायडनला गेला. आधी ठरवलेली भेट त्याने पुन्हापुन्हा रद्द केली होती. अखेर भेट झाली ती गावातून सुमारे चार तास चालत.

१९७०च्या दशकात अमेरिकेत थॅडियस कॉस्ट्रुबाला या मनोविकारतज्ज्ञाने तर रुग्णांबरोबर पळायला सुरुवात केली. आणि भीतीच्या विकारांवर काम करणारे वर्तनोपचारतज्ज्ञ गेली कित्येक दशकं रुग्णासोबत पुलावर, बाजारात, लिफ्टमध्ये जातच आहेत. भीती जिथे आहे तिथे गेल्याशिवाय ती कमी होत नाही, हे त्या उपचाराचं सूत्रच आहे.

कोविडने या प्रकाराला मोठा रेटा दिला. बंद खोलीत दोघांनी तासभर बसणं धोक्याचं झालं तेव्हा अनेक थेरपिस्ट बाहेर पडले, आणि ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने २०२० मध्ये बाहेरच्या सेशनसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

चालताना बोलणं सोपं का जातं?

सगळ्यांनाच जात नाही. पण ज्यांना जातं, त्यांच्या बाबतीत पहिलं कारण नजर. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा आणि समोरचा माणूस आपल्याकडे लक्षपूर्वक बघतोय, या मांडणीत काहींचं तोंडच उघडत नाही. विशेषतः लाज वाटावी अशी गोष्ट सांगायची असेल तर. शेजारी-शेजारी चालताना दोघांची नजर समोर असते. गाडीत बाप-लेक जे बोलतात ते घरात जेवताना बोलत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं कारण शांतता. खोलीतली दोन मिनिटांची शांतता अंगावर येते. कुणीतरी ती मोडायलाच हवी असं वाटत राहतं. चालताना कुणी काही बोललं नाही तरी पावलं चालूच असतात, त्यामुळे गप्प राहायला सवड मिळते.

तिसरं शरीर. नैराश्यात माणूस आक्रसतो, आवाज खोल जातो, हालचाल मंदावते. चालताना श्वास थोडा मोकळा होतो, हात हलतात. एकाच वेगाने चालणाऱ्या दोघांची पावलं नकळत जुळतात, हेही अनेकदा दिसतं. ती जुळली म्हणजे मनं जुळली असं मी म्हणणार नाही, पण अवघडलेपण कमी होतं एवढं नक्की.

एक गोष्ट मात्र मला दरवेळी नवी वाटते. अवघड वाक्य तोंडातून येण्याआधी पावलं मंदावतात. माणूस थांबतो, कडेच्या झुडपात काहीतरी दिसल्यासारखं करतो, पिशवीचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो. मग पुन्हा चालू लागता-लागता, समोर बघत, ते वाक्य बोलून टाकतो. खोलीत तेच वाक्य बऱ्याचदा वेळ संपल्यावर, दाराच्या मुठीवर हात ठेवून येतं, आणि तेव्हा त्याचं काही करायला वेळ उरलेला नसतो.

तोटाही इथेच आहे. विषयाला बगल देणंही बाहेर सोपं जातं. “तो पक्षी कुठला हो?” या प्रश्नाने मी कितीतरी वेळा अवघड जागेवरून हटवली गेले आहे. पक्षी कधी खरंच पक्षी असतो, कधी पळवाट.

शास्त्रीय पुरावा आहे का?

थोडा आहे, आणि जाहिरातींत सांगतात तेवढा नाही.

चालण्याचे फायदे आणि निसर्गात असण्याचे फायदे यांवर चांगलं संशोधन आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की चालताना लोकांना नव्या कल्पना सुचण्याचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढतं. गंमत अशी की कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही तो फायदा मिळाला. २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ जणांचा अभ्यास केला. निम्म्यांना ९० मिनिटं गवताळ, झाडं असलेल्या भागात चालायला लावलं आणि निम्म्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेने. तेच-ते विचार उगाळत बसण्याची सवय निसर्गात चाललेल्यांमध्ये कमी झालेली दिसली आणि मेंदूच्या संबंधित भागातली हालचालही घटली. त्याआधी २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात झाडीतून चालून आलेल्यांचं लक्ष शहरातून चालून आलेल्यांपेक्षा चांगलं लागलं. कडाक्याच्या थंडीत चालणं अजिबात न आवडलेल्यांनाही फायदा झालाच.

पण नीट बघा, यातल्या कुठल्याही अभ्यासात शेजारी थेरपिस्ट नव्हता. ‘चालणं चांगलं, थेरपी चांगली, म्हणून दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट चांगलं’ हा हिशेब कुणी सिद्ध केलेला नाही. खुद्द चालत्या थेरपीवरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि बरेचसे थेरपिस्ट व क्लायंट यांच्या मुलाखतींवर आधारलेले आहेत. त्यांत लोक अनुभव चांगला असल्याचं सांगतात. खोलीतल्या थेरपीपेक्षा ही सरस आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सांभाळून.

झाडं, तळं, टेकडी हवीच का?

असली तर उत्तम. नसली तरी रहदारी कमी असलेला, सपाट, ओळखीचा रस्ता पुरतो. गोंगाट मात्र नको. आवाज चढवून दुःख सांगता येत नाही.

कुणाला याचा जास्त उपयोग होतो?

माझ्या पाहण्यात, ज्यांना खोलीत बसून ‘उपचार घेतोय’ ही भावना सहन होत नाही त्यांना. किशोरवयीन मुलांना, जी खुर्चीत बसली की ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यापुढे जात नाहीत. बोलायची सवयच नसलेल्या पुरुषांना. सौम्य ते मध्यम नैराश्यात, जिथे अंथरुणातून उठून बाहेर पडणं हाच उपचाराचा अर्धा भाग असतो. शोकात असलेल्यांना. आणि आयुष्याच्या वळणावर, म्हणजे नोकरी सोडावी का, लग्न मोडावं का, अशा ठिकाणी अडकून पडलेल्यांना. अडकलेपणाचं दुखणं चालताना थोडं सैल होतं, हे बऱ्याच जणांनी आपणहून सांगितलंय.

कुणी बाहेरचं सेशन टाळावं?

इथे मी कडक आहे. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास-भ्रम होत असतील किंवा आजूबाजूचं भान सुटण्याचे प्रसंग वरचेवर येत असतील, तर सध्या खोलीच योग्य. रस्त्याच्या कडेला असं काही झालं तर मला तुमची नीट काळजी घेता येणार नाही.

खाण्याच्या विकारांबाबत लोकांना आश्चर्य वाटतं. या विकारांत अनेकदा उष्मांक जाळण्यासाठी अतोनात चालणं हाही आजाराचाच भाग असतो. अशा वेळी ‘चला, चालत बोलू’ म्हणणं म्हणजे आजाराच्या हातात हात देणं.

ज्यांच्यावर उघड्यावर हल्ला झाला आहे, त्यांचं अर्धं लक्ष सतत मागून कोण येतंय याकडे असतं. त्यांच्याबरोबर बाहेर जायचं ते खूप नंतर, आणि त्यांनी म्हटलं तरच. समाजात वावरण्याची भीती असणाऱ्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी बाहेर जाणं हा उपचाराचा पुढचा टप्पा असू शकतो, सुरुवात नव्हे.

आमचं बोलणं कुणी ऐकलं तर?

भिंतीला कान असतात म्हणतात. बाहेर भिंती नसतात, कान मात्र असतात. त्यामुळे खोलीतल्या गोपनीयतेची हमी मी बाहेर देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. मी हमी देते ती माझ्या बाजूची. तुम्ही काय बोललात, माझ्याकडे येता की नाही, हे माझ्याकडून कुणाला कळणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हाचे जे अपवाद खोलीत असतात, तेच बाहेरही असतात, आणि ते पहिल्या भेटीत सांगते.

बाकी सगळं जुळवून आणायचं असतं. गर्दीची वेळ टाळायची. माणसं अगदी अंगावरून जातील असा अरुंद रस्ता टाळायचा. बाकावर बसायचंच झालं तर मागे दुसरा बाक नसेल असा निवडायचा. समोरून कुणी येताना दिसलं की वाक्य तोडायचं आणि ते पुढे गेलं की पुन्हा धरायचं. दोन-तीन सेशनमध्ये याची सवय होते. माणसांची नावं शक्यतो घेत नाही. ‘तुमचा मोठा भाऊ’, ‘ऑफिसातले ते’ एवढ्यावर काम भागतं. आणि मला तरी असं वाटतं, की चालणाऱ्या दोघांच्या बोलण्यातलं पाच-सहा शब्दांपलीकडे कुणाच्या कानावर पडत नाही. खोलीच्या पातळ दारापलीकडे वाट बघत बसलेल्याला कधीकधी त्याहून जास्त ऐकू जातं.

तरीही एखादी गोष्ट अशी असते की ती चार भिंतींतच बोलावी. तसं वाटलं तर ‘हे आत बोलू’ एवढंच म्हणा.

ओळखीचं कुणी समोर आलं तर?

येतं. म्हणून पहिल्या सेशनला निघण्याआधीच विचारते: “कुणी भेटलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं, तर मी कोण?” यावर लोक हसतात आणि मग गंभीरपणे विचार करतात. कुणी म्हणतं ‘ओळखीच्या आहेत, एवढंच’. कुणी म्हणतं ‘थेरपिस्ट आहेत, सरळ सांगेन’. कुणाला मी अदृश्यच व्हायला हवी असते. तिन्ही ठीक. तुम्ही ठरवाल तेच. माझी एकच अट असते, की मी स्वतः खोटं बोलणार नाही. मी फक्त गप्प राहीन.

प्रत्यक्षात होतं ते असं. समोरून आवाज येतो, “अगं, तू इकडे कुठे?” तुम्ही थांबता. मी तशीच चार पावलं पुढे जाते आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते. एक नाडी बांधायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ हे संभाषण क्वचितच चालतं. मग तुम्ही येता, आपण चालू लागतो, आणि मी पहिला प्रश्न मघाच्या विषयावर विचारत नाही. आत्ता जे झालं त्यानंतर कसं वाटतंय, हे विचारते. कधी तोच त्या दिवसाचा विषय होतो.

माझ्या ओळखीचं कुणी भेटलं तर मी मान हलवते आणि थांबत नाही. माझ्या घरच्यांना आणि मित्रमंडळींना हे माहीत आहे.

आणि एरवी आपण दुकानात किंवा समारंभात समोरासमोर आलो तर? तुम्ही ओळख दाखवलीत तर मीही दाखवीन, नाहीतर नाही. हा नियम खोलीतल्या थेरपीलाही आहेच.

सगळ्यांसमोर रडू आलं तर?

रडायचं. वेग कमी करायचा, रस्त्याच्या कडेला जायचं, जमलं तर लोकांकडे पाठ करून झाडाकडे किंवा पाण्याकडे तोंड करायचं. मी लोकांच्या आणि तुमच्या मध्ये उभी राहते. रुमाल माझ्याकडे असतो. उन्हाचा चष्मा हे फार उपयोगी साधन आहे, ढगाळ दिवशीसुद्धा. लोक बघतात? एक क्षण बघतात आणि पुढे जातात.

मला पॅनिक अटॅक येतात. चालताना आला तर?

हे आधी सांगून ठेवा, म्हणजे वाटेत बसायच्या जागा कुठे आहेत हे बघून आपण रस्ता निवडू. अटॅक साधारणपणे १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. तेवढा वेळ आपण थांबतो किंवा अगदी हळू चालतो.

पॅनिकमध्ये चालण्याचा एक उलटा उपयोगही आहे. चढावर छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो. अटॅकमध्येही हेच होतं. धडधड झाली आणि तरी काही वाईट घडलं नाही, हे शरीराला पुन्हापुन्हा अनुभवायला लावणं ही मान्य उपचारपद्धत आहे. पण ती ठरवून, पायरीपायरीने करायची असते. आणि हृदयाचं काही दुखणं नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

किती चालावं लागतं? दम लागेल का?

लागू नये. वेग तुमचा, मी जुळवून घेते. रमतगमत ताशी तीन-चार किलोमीटरने ५० मिनिटांत अडीच-तीन किलोमीटर होतात, आणि मध्ये थांबलो तर त्याहून कमी. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर वेग जास्त झालाय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आपली ही चाल त्या हिशेबात धरू नका. इथे घाम आला तर तो बोलण्यामुळे यावा.

माझे गुडघे दुखतात / मी व्हीलचेअर वापरतो. माझ्यासाठी हे नाहीच का?

आहे. बाहेर बाकावर बसून होणारं सेशनही बाहेरचंच सेशन. व्हीलचेअरसाठी रुंद, सपाट, पायऱ्या नसलेला रस्ता आधी जाऊन बघून ठेवते. खुर्ची ढकलावी की नाही हे विचारल्याशिवाय हात लावत नाही. ढकलणारा मागे असला की बोलणं पाठीमागून होतं आणि चेहरे दोघांचेही हरवतात. म्हणून शक्य असेल तिथे शेजारून चालते.

औषधं चालू आहेत. काही अडचण?

तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा, पण काय विचारायचं ते सांगते. लिथियम घेत असाल तर उन्हात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते, आणि ते धोक्याचं असतं; पाणी पीत राहणं आणि दुपारचं ऊन टाळणं भाग आहे. मनोविकारांवरची काही औषधं घाम येणं कमी करतात, त्यामुळे शरीर लवकर तापतं. क्लोरप्रोमझिनसारख्या औषधाने त्वचा उन्हाला नाजूक होते. काहींनी बसून उठताना गरगरतं, झोपेच्या काही गोळ्यांनी तोल जातो. यातलं काहीही असलं तर चालणं बंद असं नाही. वेळ, रस्ता आणि बाटलीभर पाणी यांचा विचार करायचा.

पाऊस आला तर?

आदल्या रात्री किंवा दोन तास आधी हवामान बघून मेसेज करते. पर्याय ठरलेला असतो, खोली किंवा फोनवर सेशन. रिमझिम असेल तर काहींना छत्री घेऊन चालायला आवडतं, पण दोन छत्र्यांमध्ये अंतर पडतं आणि ऐकू येत नाही. विजा आणि कडक ऊन असलं तर बाहेर पडायचंच नाही, तुमचा कितीही आग्रह असला तरी.

चेहरा न बघता तुम्हाला माझ्या मनातलं कसं कळतं? आणि नोंदी कधी घेता?

चेहरा कमी दिसतो हे खरं. डोळ्यांत पाणी तरळलं तर ते कधीकधी उशिरा लक्षात येतं. त्याऐवजी चाल, श्वास, आवाज, मुठी, कुठे वेग वाढला, कुठे दोघांमधलं अंतर वाढलं, हे बघावं लागतं. शंका आली की सरळ विचारते. खोलीत जे मी नजरेने ओळखलं असतं ते इथे तोंडाने विचारावं लागतं, आणि बऱ्याचदा माझा अंदाज चुकीचा निघतो.

नोंदी सेशननंतर, एकटी बसून लिहिते. रेकॉर्डिंग करत नाही.

चालून-चालून हे मैत्रीसारखं वाटायला लागलं तर?

लागेल. बाहेर थेरपिस्टही जास्त माणसासारखा दिसतो. त्याला ऊन लागतं, तो ठेचकाळतो, त्याचे बूट जुने असतात. त्या ओघात खोलीत कधी विचारले नसते असे प्रश्न विचारले जातात: ‘तुम्ही इथेच जवळ राहता का?’ काहींची उत्तरं मी देते, काहींची देत नाही, आणि का देत नाही ते सांगते.

कुंपणं बाहेर जास्त जपावी लागतात. सेशन संपल्यावर चहा-कॉफीला जाणं नाही. ‘त्याच दिशेला चाललेय, सोडते’ नाही. वाटेत खाण्याचे पैसे कुणी कुणाचे देणं नाही. निसरड्या जागी हात देऊ का, हे मी आधी विचारते. स्पर्शाबद्दलचा प्रश्न खोलीत फारसा येत नाही. इथे पहिल्या चिखलातच येतो.

सेशनची हद्दही जमिनीवर ठरलेली असते. अमुक फाटकापासून सेशन सुरू, तिथेच शेवट. फाटकाच्या अलीकडे हवापाण्याच्या गप्पा. शेवटची १० मिनिटं परतीच्या वाटेवर नवा जड विषय काढायचा नाही, काढलेला आवरता घ्यायचा.

अनोळखी थेरपिस्टबरोबर एकटीने बाहेर जाणं सुरक्षित आहे का?

ही शंका अगदी रास्त आहे आणि ती विचारल्याचं थेरपिस्टला वाईट वाटता कामा नये. पहिली भेट खोलीत किंवा ऑनलाइनच हवी. जागा सार्वजनिक हवी, निर्जन नको. वेळ उजेडाची. आपण कुठे आहोत हे तुमच्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. थेरपिस्टनेही आपल्या बाजूने कुणाला तरी वेळ आणि रस्ता सांगितलेला असतो, तुमचं नाव न सांगता. संध्याकाळी उशिरा, आडबाजूला, ‘तिथे निवांत बोलता येईल’ असं म्हणून कुणी बोलावत असेल तर जाऊ नका. ते थेरपीचं आमंत्रण नाही.

कुत्र्याला आणलं तर चालेल?

एकदा आणून बघू. तो शांत असेल तर फार मदत करतो. दर खांबापाशी थांबणारा असेल तर सेशन त्याचंच होतं.

प्रत्येक सेशन बाहेरच घ्यायचं का?

नाही, आणि मी तसा आग्रहही धरत नाही. आघाताच्या आठवणींवर थेट काम करायचं असेल तेव्हा आम्ही आत येतो, कारण मध्येच सायकलची घंटा वाजलेली परवडत नाही. चित्र काढणं, तक्ते भरणं, जोडप्याचं सेशन, हेही आतच बरं. तिघं ओळीने चालू लागली की कुणीतरी एक मागे पडतं, आणि जोडप्याच्या सेशनमध्ये कोण मागे पडलं यावरून भांडण व्हायला वेळ लागत नाही.

कधी बाहेर, कधी आत हे दर आठवड्याला बदलू शकतं. फक्त आदल्या दिवशी कळवा.

थेरपिस्टला आधी काय विचारावं?

शिक्षण आणि नोंदणी, हे तर कुठेही विचारायचंच. ‘वॉकिंग थेरपिस्ट’ असं नुसतं पाटीवर लिहिलेलं असलं तर मूळ पात्रता काय हे विचारा. चालण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आपोआप थेरपिस्ट होत नाही. मग विचारा: मला मध्येच बरं वाटेनासं झालं तर काय कराल? तुमचा व्यावसायिक विमा बाहेरच्या सेशनला लागू आहे का? ओळखीचं कुणी भेटलं तर? हवामान बिघडून सेशन रद्द झालं तर फी कशी? हे सगळं संमतीपत्रात लिहिलेलं असावं. यांतल्या कुठल्याही प्रश्नावर ‘अहो, एवढा कशाला विचार करायचा, चला नुसते’ असं उत्तर आलं, तर नाही गेलात तरी चालेल.

मी स्वतः थेरपिस्ट आहे. सुरू करायचं आहे.

आधी रस्ता एकट्याने चाला, ज्या वेळी सेशन घेणार त्याच वेळी. आवाज कुठे दबतो, सावली कुठे संपते, बाक कुठे तुटलाय, मोबाइलची रेंज कुठे जाते, जवळचा दवाखाना कुठे, हे सगळं बघून ठेवा. विम्याची खात्री करा. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाची चर्चा करता तिथे, हा विषय काढा. क्लायंटला बाहेर का न्यायचंय याचं उत्तर स्वतःला द्या. दिवसभर खुर्चीत बसून तुमची पाठ दुखतेय हे कारण समजण्यासारखं आहे, पण ते क्लायंटचं कारण नाही. आणि एका दिवसात किती जणांबरोबर चालू शकाल याचा हिशेब करा. पाचव्या सेशनला पाय दुखत असतील तर कान चालत नाहीत.

पहिल्या दिवशी काय घालावं, काय आणावं? आणि मध्येच बाथरूमला जायचं झालं तर?

पायांच्या ओळखीचे बूट, नवे नकोत. पाणी. टोपी. फोन सायलेंटवर, पण चालू. हेडफोन, मोठी पिशवी, दोन्ही हात अडकतील असं सामान नको. घरून निघण्याआधी थोडं खाऊन या, रिकाम्या पोटी भोवळ येते. बाथरूम वाटेत कुठे आहे ते मी पहिल्याच दिवशी दाखवते. तेवढ्यासाठी सेशन थांबलं तर ती मिनिटं शेवटी भरून काढतो.